लंबू गप्प बसतो तेव्हा

मी बोलतोय. तुमच्या फोनच्या वरच्या कोपऱ्यात लहानीपासून मोठीपर्यंत चार काड्या असतात ना? त्यांतली शेवटची, सगळ्यांत उंच काडी दिसली की समजा, मी जवळपास आहे. आणि ती गायब झाली की तुम्ही फोन डोक्यावर धरून खोलीभर फिरता, खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळता आणि ज्याच्या नावाने बोटं मोडता, तोही मीच.

मी मोबाइलचा टॉवर. राहतो एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर. खाली पडदे शिवून देण्याचं दुकान, त्यावर दोन मजल्यांचं घर आणि सगळ्यांच्या डोक्यावर मी.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडाच्या लांब पट्ट्या कापल्या, त्यांना भोकं पाडली आणि गंज चढू नये म्हणून वितळलेल्या जस्तात बुचकळून काढलं. बाळंतपण म्हणावं तर ते असं. मग ट्रकमधून तुकड्या-तुकड्यांनी इथे आणलं, दोरखंडांनी गच्चीवर ओढलं आणि नट-बोल्ट आवळत मला उभं केलं. माझ्या खांद्यावर लांबट पांढऱ्या पेट्या बसवल्या. माझं तोंड त्याच आणि कानही त्याच.

गल्लीतल्या लोकांना मी नको होतो. डोकं दुखेल, झोप उडेल, कबुतरं येणार नाहीत, असं म्हणत होते. कबुतरं दुसऱ्या दिवशीच आली आणि आजतागायत माझ्या अंगावर शिंतोडे उडवताहेत.

मला जागा दिली ती पडद्यांच्या दुकानाच्या मालकिणीने. तिला सगळी गल्ली ताई म्हणते, तर मीही ताईच म्हणतो. तिचं कारण साधं होतं. दुकानात फोनला रेंज नव्हती. गिऱ्हाईक फोनवर खिडकीचं माप सांगायचं आणि ऐन मापाच्या आकड्यावर फोन तुटायचा. एकदा एका बाईंचं माप असंच अर्धवट ऐकून ताईने दिवाणखान्याचे पडदे शिवले. त्या बाई पडदे परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी पडदे सांगितले होते. तुम्ही खिडकीला चड्डी शिवून दिलीत."

त्याच आठवड्यात ताईने टॉवरवाल्यांना होकार दिला. मला पहिल्यांदा खालून वरपर्यंत न्याहाळून ती म्हणाली, "बराच लंबू आहे की." तेच माझं नाव पडलं.

ताईबरोबर तिचा धाकटा भाऊ राहायचा. तो मंडईत भाजीचा लिलाव पुकारायचा. मंडईत त्याला भोंगा म्हणत. त्याला त्याचं वाईट वाटत नसे, उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नसे. मंडई आमच्या इमारतीच्या मागेच, मधे एक रस्ता आणि एक भिंत. सकाळी ट्रक रिकामे झाले की त्याचा आवाज पत्र्याच्या छपरांवरून थेट माझ्यापर्यंत यायचा. "वांगी बघा, वांगी. तुकतुकीत, नवऱ्या मुलासारखी. बोला, लाजू नका. लाजणाऱ्याची चूल पेटत नाही."

मी हवेतून हजारो लोकांचं बोलणं नेतो, पण त्यासाठी मला वीज लागते. हा गडी नुसत्या छातीच्या जोरावर अख्खी मंडई हलवायचा. मला त्याचं फार कौतुक.

ताईला मात्र नव्हतं. निदान ती तसं दाखवायची. "घरात तरी हळू बोल," ती म्हणायची. "मी हाताच्या अंतरावर बसलेय, डोंगरापलीकडे नाही."

"ताई, हे हळूच आहे," भोंगा म्हणायचा, आणि खालच्या दुकानात माप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दचकायचं.

मग त्याचा आवाज बसला. आधी कुणी मनावर घेतलं नाही. पुकारणाऱ्याचा आवाज बसतोच. गरम पाणी झालं, मध झाला, आठवडाभर न बोलण्याचा प्रयोग झाला, जो दुपारपर्यंतही टिकला नाही. शेवटी ताईने त्याला ओढतच डॉक्टरकडे नेलं. संध्याकाळी दोघं गच्चीवर येऊन बसली. डॉक्टरांना गळ्यात गाठ सापडली होती. गाठ स्वरयंत्रात होती. स्वरयंत्र काढलं तर जीव वाचणार होता, पण आवाज जाणार होता.

दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी भोंगा गच्चीवर आला. ताई वाळलेले कपडे काढत होती. त्याचा आवाज तोवर फाटून चिंध्या झाला होता, तरी त्याने कोपऱ्यातली गळकी बादली उचलली आणि लिलाव सुरू केला. बादली विकली, मोडकी खुर्ची विकली. मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आता खास माल. उंचापुरा, धट्टाकट्टा. खातो फक्त वीज. बोला."

"फुकट दिलास तरी नको," ताई म्हणाली.

"फुकट एक वार. फुकट दोन वार."

"बरं, थांब. एक कप चहा."

"एक कप चहा, एक वार. एक कप चहा, दोन वार." आणि मग तो थांबला. पुढचे दोन शब्द त्याने तोंडात कितीतरी वेळ धरून ठेवले. ताई कपडे छातीशी धरून उभी होती. "तीन वार," तो शेवटी म्हणाला, अगदी हळू. त्याला हळू बोलताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. ताईने तोंड फिरवलं आणि दोरीवर उरलेली एकच उशीची खोळ पुन्हा पुन्हा झटकत राहिली.

ऑपरेशन नीट झालं. भोंगा घरी आला तेव्हा त्याच्या गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक होतं. श्वास आता नाका-तोंडातून नव्हे, तिथून. त्यावर तो जाळीदार कापडाची एक पट्टी बांधायचा, ती ताईच शिवायची, शर्टाच्या रंगाला शोभेल अशी. दवाखान्यातून बोलायचं एक यंत्रही दिलं होतं, हातातल्या टॉर्चएवढं. ते गळ्याला टेकवून ओठ हलवले की शब्द यायचे, पण भुंग्यासारखे, एका सुरातले, चढ नाही की उतार नाही. एकदा दुकानात फोन वाजला, ताई शिडीवर होती, म्हणून यंत्र गळ्याला लावून त्यानेच घेतला. पलीकडचा माणूस कुणाला तरी म्हणाला, "मशीन बोलतंय," आणि त्याने फोन ठेवला.

त्या दिवशी यंत्र कपाटाच्या खणात गेलं.

लिलावाच्या वेळी मंडईतही भोंग्याने पाऊल ठेवलं नाही. मंडईतली माणसं भेटायला यायची, हा हसून हात जोडायचा, ती अवघडून निघून जायची. वरच्या मजल्यावरून तो ताईला फोनवर निरोप लिहायचा. तो निरोप माझ्याकडे यायचा आणि माझ्याकडून एक मजला खाली जायचा. मी कुणाचे निरोप वाचत नाही, बरं का. माझ्या हातून सगळं बंद पाकिटातून जातं. पण ताईला मोठ्याने वाचायची सवय. नुसत्या डोळ्यांनी वाचलेलं तिला खरंच वाटत नसे. गच्चीवर कपडे वाळत घालता घालता ती वाचायची, "'चहा टाकतोस का म्हणालीस, टाकला. आता निवतोय.' अरे, मग ये ना घेऊन वर." आणि तो घेऊन यायचा.

दुपारी तो फिरायला जायचा. नदीकाठी जातो, असं त्याने लिहून सांगितलं होतं.

याच सुमाराला माझ्या आयुष्यात इंजिनीअर बाई आली. पाठीवर लॅपटॉपची पिशवी, डोक्यावर हेल्मेट, आणि गच्चीवर आली की आधी डबा उघडायची. ताई तिला एकटी जेवू देत नसे, आपलं ताट घेऊन वर यायची. भोंगाही यायचा.

"या लंबूचं काय बिघडलंय?" ताईने विचारलं.

"बिघडलं काहीच नाही. फार चांगला आहे, हीच अडचण आहे," बाई म्हणाली. मी कान टवकारले. "फोन हरवला किंवा कुणी संकटातून फोन केला, तर तो फोन नेमका कुठे आहे ते शोधायला लागतं. मोकळ्या आकाशाखाली ते काम उपग्रह करतात. पण जाड भिंतींच्या आत त्यांचा आवाज पोचत नाही. तिथे आम्ही टॉवरना विचारतो. फोनला तीन-चार टॉवर ऐकू आले, तर कुणाचा आवाज किती उशिरा पोचला यावरून जागा काढता येते."

"मग?"

"तुमच्या घरातल्या फोनला फक्त हा एकच ऐकू येतो. इतका जवळ आणि इतका मोठा आहे की बाकीचे दबूनच जातात. गावभरचे फोन सापडतील, पण याच्या पायाशी असलेला सापडणार नाही."

"दिव्याखाली अंधार," ताई म्हणाली.

"अगदी तेच. म्हणून मी याला अधूनमधून गप्प बसवून बघणार आहे. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कितीतरी कमी. याने आवाज बंद केला की तेवढ्यात फोन बाकीच्यांना ऐकून घेईल."

ताई हसली आणि तिने भावाकडे बोट दाखवलं. "हा असाच करायचा. इतका ओरडायचा, ओरडायचा आणि मधेच थांबायचा. मला वाटायचं दमला. तर नाही. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याची बोली ऐकू यावी म्हणून."

भोंग्याने मान डोलावली, कानामागे तळहात धरून मागच्या रांगेकडे वाकल्याची नक्कल केली आणि दोघी हसल्या. त्या दिवसांत मी त्याला फार वेळा तसं करताना पाहिलं नव्हतं.

मी मात्र मनातून फुगून बसलो. बोलणं हे माझं काम. गप्प बसायचं असतं तर मी दिव्याचा खांब झालो असतो.

पहिले काही प्रयोग फसलेच. थांबणं जरा लांबलं की चालू फोन अडखळायचे, काही तुटायचेही. ताईचं एक माप पुन्हा चुकता चुकता राहिलं. बाईने थांबे आखूड केले, मग आणखी आखूड केले. हळूहळू कुणाला कळेनासं झालं. आणि खरं सांगतो, मलाही ते आवडायला लागलं. मी थांबलो की टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीजवळचा माझा थोरला भाऊ, हमरस्त्यावरचा मधला आणि जुन्या गिरणीवरचा धाकटा, तिघांचे आवाज माझ्या पायाशी असलेल्या फोनपर्यंत पोचायचे. इतकी वर्षं ते बोलतच होते. ऐकू जात नव्हते, एवढंच.

पण बाईच्या साहेबांना आधीच्या तुटलेल्या फोनांची धास्ती होती. त्यांचंही चूक नव्हतं, तक्रारी त्यांच्याच टेबलावर यायच्या. "सगळे आकडे नीट बघू, मग ठरवू," असं म्हणून त्यांनी प्रयोग थांबवला. मी पुन्हा अखंड बोलायला लागलो.

त्यानंतर काही आठवड्यांनी ते घडलं.

मंडईच्या सुट्टीचा दिवस होता, दुपारची वेळ. भोंगा घरातून निघाला. नदीकडे जायचं तर उजवीकडे वळायला हवं होतं. तो डावीकडे वळला, भिंतीच्या कडेने गेला आणि मंडईच्या मागच्या फाटकातून आत शिरला. मला वरून सगळं दिसतं. हे पहिल्यांदाच होत नव्हतं. त्याचं फिरणं गेले कित्येक दिवस हेच होतं. तो वखारींच्या रांगेत जायचा, छपराखाली दिसेनासा व्हायचा आणि तासाभराने बाहेर यायचा.

त्या दिवशी तो बाहेर आला नाही.

आत काय झालं ते नंतर कळलं. बटाट्याच्या पोत्यांची उंच थप्पी एका बाजूने कलली होती, खालचं पोतं ओलं होऊन बसलं होतं. भोंगा तिला पाठ टेकून उभा होता. थप्पी ढासळली आणि तो तिच्याखाली आला. एक पाय अडकला, उजवा हात अंगाखाली अडकला. फोन शर्टाच्या खिशात होता. डावा हात कसाबसा खिशापर्यंत पोचत होता, पण फोन बाहेर काढता येत नव्हता. त्याने कापडावरूनच फोनच्या कडेची कळ दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. तसं केलं की फोन आपणहून मदत केंद्राला लागतो.

फोन लागला. मीच तो जोडून दिला.

मदत केंद्रावर एक ऑपरेटर होती. तिच्याकडे दिवसभर असे मुके फोन येतात. कुणाच्या खिशात दाबला जातो, कुणाच्या पिशवीत. दोनदा विचारायचं आणि ठेवून द्यायचं, अशीच पद्धत. तिने दोनदा विचारलं. उत्तर नाही. पण तिला काहीतरी ऐकू येत होतं, हवा अरुंद जागेतून जाते तसा सूं-सूं आवाज. तिने फोन ठेवला नाही.

"तुम्हाला बोलता येत नाहीये का? येत नसेल तर फोनवर एकदा टिचकी मारा."

टिचकी आली.

"घरात आहात का? हो असेल तर एक, नाही तर दोन."

दोन आल्या.

"रस्त्यावर?"

पुन्हा दोन. "लागलंय का?" या पुढच्या प्रश्नाला एकच आली, तीही अर्धवट. मग काहीच नाही. फक्त तो सूं-सूं आवाज, आणि तोही आता अडखळत.

फोन ताईच्या नावावर घेतलेला होता. ऑपरेटरने दुसऱ्या लाइनवरून दुकानात फोन केला. ताईने ऐकलं आणि हातातली कात्री खाली ठेवली.

"तो माझा भाऊ. त्याला बोलता येत नाही," ती म्हणाली. "नीट ऐका. तो गळ्याच्या भोकातून श्वास घेतो. त्यावर काही पडलं, धूळ गेली, तर नाक-तोंड मोकळं असून उपयोग नाही. लवकर करा. तो नदीकाठी गेलाय."

माणसं नदीकाठी धावली. गाडी तिकडे वळली. आणि मी इथे उभा राहून बघत होतो. मला ठाऊक होतं तो कुठे आहे. पण मला माझं स्वतःचं असं बोलता येत नाही, मी फक्त दुसऱ्यांचं पोचवतो. ऑपरेटरच्या पडद्यावर त्याची जागा म्हणून एक भलंमोठं वर्तुळ होतं आणि त्याच्या मधोमध मी. त्या वर्तुळात आमची गल्ली होती, अख्खी मंडई होती, शाळा, दवाखाना आणि नदीचा काठही होता. भोंगा माझ्या पायाशी होता, म्हणूनच सापडत नव्हता.

ऑपरेटरने कंपनीला फोन लावला. तो इंजिनीअर बाईकडे गेला. पत्ता ऐकला आणि तिला कळलं, हा कुणाचा फोन आहे. तिने त्या माणसाच्या हातचा चहा प्यायला होता.

ती साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "सर, मला तो टॉवर थांबवायचाय. माझे ठरवलेले थांबे पुन्हा सुरू करायचेत. आत्ता."

"आणि त्याचा चालू फोन तुटला तर?" साहेबांनी विचारलं.

हाच तर प्रश्न होता. भोंगा बेशुद्ध होत होता. तो फोन तुटला असता तर पुन्हा लावायला तो शुद्धीत नव्हता. त्याचा एकुलता एक धागा माझ्या हातात होता, आणि हात क्षणभर सोडायला मलाच सांगायचं होतं.

"प्रयोगाच्या शेवटच्या आठवड्यात एकही तुटला नाही," बाई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "तुटणारच नाही, असं मी सांगू शकत नाही. पण फोन चालू राहून तो सापडला नाही, तर चालू राहण्याचा काय उपयोग?"

साहेबांनी एकदा तिच्याकडे बघितलं. "कर. उत्तर मी देईन."

मला निरोप आला. त्या फोनलाही आला, की अमुक अमुक क्षणी हा गप्प बसेल, तेव्हा कान दे.

मी थांबलो.

एरवी माझे थांबे मला जाणवतही नाहीत. तो जाणवला. थांबलो, सुरू झालो आणि आधी धागा चाचपला. होता. पुन्हा थांबलो. पुन्हा होता. त्या जाड भिंतींच्या आत, पोत्यांच्या खाली, खिशातल्या त्या फोनने आधी गिरणीवरच्या धाकट्याला ऐकलं. मग हमरस्त्यावरच्याला. टेकडीवरच्या थोरल्याचा आवाज फारच क्षीण होता, तो येईना. मी थांबत राहिलो. बाई पडद्याला नाक लावून बसली होती म्हणे. आणि मग एका थांब्यात तोही आला.

मोठं वर्तुळ आकसलं आणि मंडईच्या मागच्या अंगाला, वखारींच्या रांगेवर येऊन थांबलं.

"मंडईत?" ताई फोनवर म्हणाली. "नाही हो. तो मंडईत जात नाही. ऑपरेशननंतर पाऊल ठेवलं नाही त्याने तिथे."

"ताई, फोन तिथेच आहे," ऑपरेटर म्हणाली. "मागच्या वखारी. गाडी वळवलीय. तुम्ही जवळ आहात, तुम्ही निघा."

ताई निघाली. या वयात मी तिला पळताना कधी पाहिलं नव्हतं. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच, पायांत घरातल्या सपाता. फाटकाशी दोन हमाल पत्ते खेळत बसले होते. तिला बघून ते उठले, आणि काय झालं ते पळता पळताच ऐकत तिच्या मागे गेले. शेजारी-शेजारी तीन वखारी होत्या. पहिली रिकामी. दुसऱ्या वखारीचं दार नुसतं लोटलेलं होतं.

हमालांनी पोती उचलायला सुरुवात केली. ताईने आधी गळा शोधला. पट्टी मातीने भरली होती. तिने ती काढून फेकली, कमरेला खोचलेल्या स्वच्छ कापडाच्या तुकड्याने भोकाभोवतीची माती टिपली आणि ते मोकळं केलं. मग ती त्याच्या छातीकडे बघत बसली. हवा सूं करून आत गेली. पुन्हा बाहेर आली. त्याच्या खिशातला फोन अजून चालू होता. त्यातून ऑपरेटर विचारत होती, "सापडला का? ताई, सापडला का?"

ताईने खिशाकडे वाकून सांगितलं, "सापडला. श्वास घेतोय."

पोत्यांच्या आड एक वस्तू पडली होती, टॉर्चएवढी. हमालाने ती उचलून ताईच्या हातात दिली. ते कपाटाच्या खणातलं यंत्र होतं.

हे सगळं मला कसं ठाऊक? ताई आणि इंजिनीअर बाई पुढे कितीतरी दुपारी गच्चीवर बसून तो दिवस एकमेकींना सांगत राहिल्या. दोघींना तो पाठ होता, तरी सांगायच्या.

भोंग्याचा पाय मोडला होता. तो जोडायला बरेच महिने गेले. कुबडी घेऊन पहिल्यांदा गच्चीवर आला, तेव्हा ताई त्याची वाटच बघत होती.

"नदीकाठ म्हणे," ती म्हणाली. "रोज मला नदीकाठ सांगायचास. काय करत होतास तिथे?"

त्याने खिशातून यंत्र काढलं आणि गळ्याला टेकवलं. "सराव," तो म्हणाला. भुंगा बोलावा तसा शब्द आला. "लिलावाचा."

"मग घरात करायचा होतास."

"तुला ऐकू आलं असतं."

"मग? मला बहिरी करून ठेवायचा विचार होता?"

"ताई, हा मशीनचा आवाज आहे."

ती त्याच्या शेजारी बसली. "आयुष्यभर तुला हळू बोल, हळू बोल म्हणत आले," ती म्हणाली. "तू दवाखान्यातून आलास आणि घर इतकं शांत झालं की मी रात्रंदिवस शिलाईचं मशीन चालवायला लागले. पडदे नसले तरी. नुसती चालवायची. तुझ्या यंत्राचा आवाज कसा का असेना, तू आहेस ना त्याच्यात? घरात बोलत जा. चुकलास तर मी सांगेन."

तो बोलायला लागला. आधी घरात, मग दुकानात, मग फोनवरसुद्धा. कुणी "मशीन बोलतंय" म्हटलं, तर तो म्हणायचा, "मशीन नाही, ताईचा भाऊ. माप सांगा."

आणि एका सकाळी तो कुबडीशिवाय मंडईत गेला. चौथऱ्यावर चढला. मी तिकडे कान लावून होतो. मंडई तुम्हाला माहीत आहे. ट्रक, हातगाड्या, शिव्या, हसणं, तिथे मुंगीला शिरायला जागा मिळेल, पण शांततेला मिळायची नाही. भोंग्याने एका हाताने यंत्र गळ्याला लावलं, दुसऱ्या हाताने माइक तोंडाशी धरला आणि म्हणाला, "वांगी बघा, वांगी."

कुणालाच नीट ऐकू गेलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका अडत्याने मागे वळून हात वर केला. त्याच्या मागच्यानेही केला. हातगाडीवाला जागच्या जागी थांबला. ट्रकवाल्याने इंजिन बंद केलं. कुणी कुणाला गप्प बस म्हटलं नाही, पण त्या पत्र्याच्या छपरांखालचा गलका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विझत गेला. मग भोंग्याने पुन्हा तेच म्हटलं. या वेळी ते मागच्या रांगेपर्यंत गेलं. माझ्यापर्यंतही आलं.

इकडे गच्चीच्या कठड्याला रेलून ताई ऐकत होती. "जरा घाई करतोय," ती मला म्हणाली, आणि डोळे पुसले.

आता माझं सांगतो. साहेबांनी माझे थांबे कायमचे सुरू केले. नुसते माझेच नव्हे, माझ्या तिन्ही भावांचेही. आम्ही आता आळीपाळीने गप्प बसतो. तुम्हाला ते कळत नाही आणि कळूही नये. इंजिनीअर बाईची बदली झाली. जायच्या दिवशी ती डबा घेऊन आली होती, पण कुणालाच फारसं जेवण गेलं नाही. माझे बोल्ट खालच्या बाजूने गंजू लागले आहेत. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर लहान लहान पेट्या बसताहेत, त्या माझं काम करतील असं ऐकतो. मला उतरवतील तेव्हा गच्चीवर काय ठेवायचं, यावरून ताई आणि भोंग्याचे आतापासूनच खटके उडतात. तिला कपड्यांसाठी आणखी दोऱ्या हव्यात, त्याला एक बाक हवा. दोघंही मोठ्याने भांडतात, आणि मला ते ऐकत राहावंसं वाटतं.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. कधी फोन वाजला, तुम्ही उचललात आणि पलीकडून काहीच ऐकू आलं नाही, तर लगेच ठेवून देऊ नका. थोडं थांबा. सगळ्यांचाच आवाज पहिल्या हाकेला पोचत नाही.

खाली दुकानात कुणाचा तरी फोन "मी कुठे आहे?" म्हणून विचारतोय. बाकीच्या तिघांना त्याच्याशी बोलायचंय. मी गप्प बसतो.